आहारशास्त्राच्या विद्यार्थिनी आणि शोधक दृष्टी
(जवळा बाजार येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या काही कन्या परभणीस व अन्यत्र आहारशास्त्र शिकू लागल्या आहेत. "भाकरी थापावयास महाविद्यालय कशाला?" असा वडीलधाऱ्यांचा प्रश्न आमच्या कानी येतो. आम्ही केवळ मॅट्रिक. परंतु बराच काळ खडू हाती धरल्यामुळे पाठ करणे आणि शोधणे यांतील अंतर आम्हांस ठाऊक आहे.

आपल्या भाकरीचेच उदाहरण घ्या. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून खरखरीत होणे, जुलाब, मनोभ्रंश अशी लक्षणे असलेला पेलाग्रा हा मका खाणाऱ्यांचा रोग समजला जाई. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी, म्हणून तो होतो, असे पुस्तकात होते. पण हैदराबादेकडील ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही तो आढळला. ज्वारीत तर ते द्रव्य तितके उणे नाही! येथे कोष्टक पाठ करणारा थांबला असता. कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस आली होती (आपला मराठवाडा त्या राज्यातून दोनच वर्षांपूर्वी बाहेर पडला होता). तेथील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतील अधिक ल्युसिनकडे बोट दाखविले. पुढे या मतावर वाद झाले, तेही मोजमापे पुढे ठेवूनच. मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमलाबाई सोहोनी यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून नीरा व कडधान्ये यांवर संशोधन केले, तेही असेच.

तेव्हा मुलींना प्रथम विचारावयास शिकविले पाहिजे. "काल काय खाल्ले?" हा प्रश्न सोपा, खरे उत्तर मिळविणे कठीण. मापाच्या वाट्या सोबत हव्यात. पीठ मळण्यापूर्वी तोलावे, पंक्तीस किती माणसे होती ते टिपावे, एकादशीचा दिवस नेहमीचा म्हणून लिहू नये, आणि "दूध घेता ना?" असे उत्तर सुचवू नये. सर्वांत अवघड गोष्ट घरच्या बाईची. ती शेवटी जेवते. ओसरीवरून यजमान सांगतात, "आम्ही खाल्ले तेच तिने खाल्ले." टोपल्यात काय उरले होते, हे त्यांनी पाहिलेले नसते. तिला एकटीला, चुलीपाशी बसूनच विचारले पाहिजे. पंडुरोगाने फिकट झालेल्या लेकीसुनांचे कारण तेथेच सापडण्याचा संभव अधिक. हे कौशल्य वर्गातील फळ्यावर येत नाही; त्यास घरे लागतात.

आणि घरे आपण देत नाही! परक्या माणसाने आपले पीठ तोलावे, यात आपणांस कमीपणा वाटतो. डॉक्टरपुढे जीभ दाखविताना मात्र तो वाटत नाही.

आमची मंडळास विनंती आहे की, शिष्यवृत्ती केवळ गुणांवर न देता तिचा काही भाग तराजू, वाट्या व एस. टी. च्या भाड्यासाठी राखावा. उन्हाळ्याच्या सुटीत मुली येतील. लग्नघरे वगळून ज्या कुटुंबांची तीन दिवस स्वयंपाकघर उघडे ठेवण्याची तयारी असेल, त्यांनी घरातील बाईची संमती प्रथम घेऊन चिटणीसांकडे नाव नोंदवावे. आमच्या घरचे नाव आम्ही सौभाग्यवतींस विचारून आजच दिले आहे.