उठाबशा : शिक्षा की साधना?



मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला उठाबशा म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. गृहपाठ राहिला की कान धरून उठाबशा, हा कित्येक वर्गांचा अलिखित नियम होता. तालमीत याच हालचालीला बैठक म्हणतात आणि तेथे तिचा मान मोठा. एकच क्रिया तेथे साधना ठरली आणि शाळेत शिक्षा. नुकसान झाले ते शाळेतल्या मुलांचे.

बैठकीत खुबा, गुडघा आणि घोटा हे तिन्ही सांधे एकदम वाकतात व सरळ होतात. मांडीचे पुढचे स्नायू राबतात. नितंबाचा स्नायू, जो शरीरात सर्वांत मोठा, तोही राबतो. पाठ व पोट कणा सांभाळतात. इतके स्नायू एकाच व्यायामात कामाला लागतात, म्हणूनच अंग भरण्यात बैठकांचा वाटा मोठा. पाय कमावले की दंड आपोआप भरतात, ही समजूत मात्र खरी नव्हे. त्यासाठी जोर काढावेच लागतात. ‘जोर-बैठका’ हा जोडशब्द उगाच रूढ झालेला नाही.

स्नायू वाढतो तो वाढत्या भाराने. रोज त्याच पन्नास बैठका मारल्या तर दम टिकतो, मांडी फारशी वाढत नाही. जुन्या वस्तादांना हे ठाऊक होते. मल्ल गळ्यात जड दगडी कडे घालून किंवा जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारीत. आजची लोखंडी दांडी आणि तिच्या चकत्या हे त्याचेच नवे रूप. सोबत दूध, डाळ, अंडी यांसारखा प्रथिनयुक्त आहार आणि पुरेशी झोप हवी, नाहीतर श्रम वाया जातात.

पार जयपूरमधील एका वसाहतीनेही ज्यांचे नाव धारण केले आहे, ते लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात आले तेव्हा प्रकृतीने किरकोळ होते. पहिले वर्ष त्यांनी अभ्यास मागे ठेवून व्यायाम, कुस्ती व पोहणे यांना दिले. पुढे १९०८ ते १९१४ या काळात मंडालेचा तुरुंगवास त्यांनी सोसला. आजच्या किती पालकांना असे एक वर्ष मुलाला देववेल, हा प्रश्न अवघडच आहे.

शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आता आजी-आजोबा झाले आहेत. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात. त्याची पहिली खूण म्हणजे खुर्चीतून उठताना हात टेकावे लागणे. अशांनी खांद्यावर भार घेण्याचे कारण नाही. भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची घ्यावी, हात छातीशी बांधावेत, सावकाश बसावे आणि उठावे. प्रथम पाच वेळा, मग आठ, मग दहा. गुडघा दुखत असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. या सभागृहातही खुर्च्या भरपूर आहेत. प्रयोग मात्र भाषण संपल्यावर करावा.