आधी ताटली बघू, मग सुई

शुगर कुत्र्यालाही होते. मग रोज दोनदा, साधारण 12 तासांनी, आधी जेवण आणि लगेच इन्सुलिनची सुई, असा नेम ठेवावा लागतो. पण त्याने तोंडच लावलं नाही तर? अन्न कोमट करून, त्यात बिनमिठाचं उकडलेलं थोडं चिकन कालवून बघू. तरीही खाल्लं नाही, तर नेहमीची सुई टोचायची नाही. आधी डॉक्टरांना फोन करायचा. उपाशीपोटी पूर्ण डोस गेला की साखर एकदम उतरते, जीवही जाऊ शकतो. कुत्रा थरथरला, झोकांड्या खाऊ लागला, तर हिरड्यांना मध चोळून दवाखाना गाठू. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतायचं नाही. खाणं बंद आणि वर उलट्या, तर त्याच दिवशी न्यायचं. मुकं जनावर सांगत नाही. म्हणून ताटलीत काय उरलं ते आधी बघू, मगच सुई हातात घेऊ.