अंड्याचं वावडं आणि गोवराची लस

औंधच्या आमच्या बचत गटांच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की घरच्या गोष्टी निघतात. यावेळी एका सूनबाईंनी विचारलं, "लेकराला अंडं चारलं की अंगभर गांधी उठतात. नवव्या महिन्याची लस द्यायची का?" सासूबाईंचं मत, राहू द्या. मग आम्ही आशाताईंना बरोबर घेऊन दवाखान्यात जाऊन नीट विचारून आलो. तेच आज सांगतो.

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस देतात. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या या लशीतला गोवराचा विषाणू माणसाच्या पेशींवर वाढवतात, अंड्यात नाही. त्यामुळे अंड्याचं वावडं असलेल्या बाळालाही ती देता येते. शेंगदाणे, वांगं किंवा धूळ सोसत नाही म्हणूनही लस चुकवू नका.

मग जपायचं कुणी? आधीच्या डोसानंतर धाप लागली, ओठ-जीभ सुजली, किंवा शुद्ध हरपली असेल, त्यांनी. गोवर-रुबेलाच्या लशीत जिलेटिन असतं आणि निओमायसिन या औषधाचा अंश असू शकतो. त्यांचा असा जोराचा त्रास पूर्वी झाला असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. "कसल्याशा गोळीनं त्रास झाला" एवढं सांगून भागत नाही. औषधाचं नाव हवं. जुना कागद लसीकरणाच्या कार्डातच ठेवा.

असा तीव्र झटका दहा लाख डोसांमागे साधारण एखाद्यालाच येतो. पण येतो. २०२१ मध्ये केंद्राच्या समितीनं करोना लशीनंतरच्या ३१ गंभीर घटना तपासल्या, त्यात एक मृत्यू या झटक्यानं झाल्याचं नोंदवलं. म्हणून टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा. "चूल पेटवायची आहे" म्हणून उठू नका. झटका बहुधा याच वेळात येतो, आणि त्यावरचं ॲड्रिनलिनचं इंजेक्शन तिथं असतं. ते आहे ना, हे सिस्टरांना विचारायला लाजू नका.

आणि लस टाळली तर? २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली. लहान मुलं दगावली. लागण झालेल्यांत लस न घेतलेली मुलं पुष्कळ होती.

कुत्रं चावलं तर मात्र वावड्याचा विचार करत घरी थांबू नका. जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि थेट दवाखाना गाठा. वावड्याचं तिथं सांगा, डॉक्टर काळजी घेतात.

तेव्हा बायांनो, शंका आली तर लस चुकवायची नाही, शंका सिस्टरांपुढं मांडायची.