कायमचा पत्ता

इअरफोन लावलेत ना? आजचा एपिसोड छोटा आहे.

कुठलाही फॉर्म उघडा, त्यात पत्त्याचे दोन रकाने असतात. सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. मध्ये एक चौकट, दोन्ही सारखे असतील तर टिक करा. माझा जन्म कोपरखैरण्याचा, शाळा, बीटेक सगळं नवी मुंबईतच, नोकरी महाप्याला. तरी त्या चौकटीपाशी माझा अंगठा थांबतो. आमच्या घरात कायमचा पत्ता म्हणजे सातारा जिल्हा, पाटण तालुका. मी तिथं वर्षाला फार तर दहा दिवस असतो, तेही यात्रेला.

माझे वडील एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी होते. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. या कामाला माणूस जाहिरात वाचून येत नाही. गावचा कुणीतरी आधी टोळीत असतो, तो मुकादमाला सांगतो आणि पुतण्या एसटीत बसतो. मार्केट मशीद बंदरला होतं तेव्हाही असंच, तुर्भ्याला आल्यावरही असंच. ज्यांनी या लोकांना संघटित केलं ते अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचेच. १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालकानं मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, तिथून पगार, फंड, ग्रॅच्युइटी. म्हणजे पोट मुंबईत पक्कं झालं, पण ओळख गावचीच राहिली. आजही मार्केटमध्ये नाव नंतर, आधी "गाव कुठलं?"

२०१४ ची एक गोष्ट आठवत असेल. साताऱ्याचं मतदान १७ एप्रिलला आणि इथलं २४ ला होतं. मार्चमध्ये नवी मुंबईत माथाडींसमोर शरद पवार बोलून गेले की तिकडं मत देऊन या, मग इकडंही द्या, फक्त शाई तेवढी पुसा. गदारोळ झाला, आपण गंमत केली असं ते म्हणाले, निवडणूक आयोगानं नाराजी नोंदवली. मला त्यात राजकारणापेक्षा दुसरंच दिसतं. समोर बसलेल्यांना ती गंमत समजावून सांगावी लागली नसणार. कायद्यानं नाव एकाच यादीत ठेवता येतं, पण कुठल्या यादीत, हा प्रश्न प्रत्येक घरात होता. आमच्याकडं वडिलांचं नाव गावाला आहे, माझं इथं.

आणि गाव विसरायचं म्हटलं तरी सरकार विसरू देत नाही. ओबीसीचा जातीचा दाखला काढायचा असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ ला तुमचं कुटुंब कुठं राहत होतं याचा पुरावा मागतात. त्या तारखेला ही नवी मुंबईच नव्हती! मग कोपरखैरण्यात वाढलेला पोरगा तहसील कचेरीत आजोबांचा शाळेचा दाखला शोधत फिरतो.

बाहेर हे कसं असतं म्हणून वाचत होतो, तर ह्मोंग लोक सापडले. मूळचे दक्षिण चीनचे, पुढं लाओस-व्हिएतनामच्या डोंगरात आले. १९७५ नंतर लाओसमधले हजारो लोक मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत गेले, तिथून बरेच अमेरिकेत. आज मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या शेतकरी बाजारात भाजी विकणाऱ्यांत ते मोठ्या संख्येनं आहेत, म्हणजे तिकडचं एपीएमसीच म्हणा. त्यांचा स्वतःचा देश कधीच नव्हता. दोन अनोळखी ह्मोंग भेटले की गाव नाही, कूळ विचारतात. कूळ एकच निघालं की भावकी, आपसात लग्न होत नाही. जमीन सुटली तरी सोबत नेता येईल अशी ओळख त्यांनी धरली. आपली ओळख एसटीच्या बोर्डावर आहे, ती अशी उचलून नेता येत नाही.

उलटं उदाहरण तर पायाखालीच आहे. तुर्भे, वाशी, घणसोली ही आगरी-कोळ्यांची गावं. १९७० ला सिडको आली, भातशेती आणि मिठागरं गेली. भरपाईच्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जण गेले. ते लोक कुठंच गेले नाहीत, शहरच त्यांच्या अंगावर चालून आलं. माझा वर्गमित्र घणसोली गावातला. त्याला कुणी "गाव कुठलं?" विचारलं की तो नुसता खाली बोट दाखवायचा. मला तेव्हा त्याचा हेवा वाटायचा. त्याच्या आजोबांची शेती कुठल्या सेक्टरखाली आहे हे त्यानं सांगितलं, तेव्हा गप्प बसलो.

आता घरचं. वडील रिटायर झाले, फंड आला आणि वाद सुरू झाला. गावच्या घरावर स्लॅब टाकायचा की इथल्या घरावर मजला चढवायचा? आई म्हणाली, माझा डॉक्टर इथं, नातवंडं इथं, तिथं भिंतींशी बोलू का? वडील एवढंच म्हणाले, "चाळीस वर्षं ओझं वाहिलं ते कशासाठी?" यावर मी काय बोलणार? माझ्याकडं एक्सेल शीट होती, ती बंद केली.

स्लॅब पडला. घराला वर्षातले अकरा महिने कुलूप, किल्ली चुलत्यांकडं. पहिल्या पावसात गळतंय का बघायला कुणीतरी जायला हवं. वडिलांचे गुडघे आता घाट चढू देत नाहीत, म्हणून यंदा मी जातोय. त्यामुळं पुढचा एपिसोड एक आठवडा उशिरा येईल. गावात रेंज फक्त देवळामागच्या टेकडीवर असते.