संगणकात ग्राफिक्स कार्ड बसवताना



संगणक आता खेडोपाडीच्या शाळांतही पोहोचला आहे. टेबलावर पडदा, पुढ्यात कीबोर्ड आणि खाली ती पत्र्याची पेटी, जिला आपण सर्रास 'सीपीयू' म्हणतो. वास्तविक सीपीयू हे आतल्या एका चिपचे नाव. पण पेटी कधी उघडलीच जात नाही, तेव्हा आतल्या कोणाचे नाव काय याची चौकशी करणार कोण? काही अडले की तालुक्याला न्यायची आणि तिथला माणूस सांगेल ते पैसे द्यायचे, असा शिरस्ता पडून गेला आहे.

या पेटीत ग्राफिक्स कार्ड आपल्या हाताने कसे बसवावे, हा आजचा विषय. हाताचे काम अर्ध्या तासाचे आहे. त्याआधी कागदावर एक हिशेब करावा लागतो. तो चुकला तर कार्डाचे पैसे फुकट जातातच, पण कधीकधी चालता संगणकही बंद पडतो. म्हणून माझा भर त्या हिशेबावर राहील.

आधी हे कार्ड करते काय ते पाहू. नेहमीचा पडदा आडवा 1920 आणि उभा 1080 ठिपक्यांचा असतो. गुणाकार केला तर 20 लाख 73 हजार 600 ठिपके झाले. हलते चित्र दाखवायचे तर यांतल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ वेळा ठरवावा लागतो. मुख्य प्रोसेसर हा मोठ्या विद्वानासारखा. अवघड गणित तो चटकन सोडवील, पण लाखो सोपी गणिते एकदम पुढे आली की तो खोळंबतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे वर्गभर मुले. प्रत्येकाने आपल्या पाटीवर एकेक लहान बेरीज करायची. 2017 साली निघालेल्या जीटी 1030 या अगदी साध्या कार्डातही अशी 384 लहान एकके आहेत.

आता पहिला प्रश्न: आपल्याला कार्ड हवे आहे का? मराठी टंकलेखन, निकालपत्रके, इंटरनेट, धड्यांचे व्हिडिओ, एवढ्याला ते मुळीच लागत नाही. 2011 पासूनच्या बऱ्याच प्रोसेसरांत चित्र दाखवण्याची सोय आतच असते. व्हिडिओचे संपादन करायचे असेल, त्रिमिती चित्रे काढायची असतील, किंवा प्रोसेसरात ती सोय नसेल, तरच कार्डाचा विचार करावा. नुसता संगणक मंद चालतो म्हणून कार्ड घेऊ नये. त्या दुखण्याला बहुधा जास्त रॅम किंवा एसएसडी लागू पडते, आणि ते स्वस्तातही होते.

दुसरा प्रश्न जागेचा. मदरबोर्डवर एक लांब खाच असते, तिला पीसीआय एक्सप्रेस स्लॉट म्हणतात. ही पद्धत 2004 च्या सुमारास आली. खाच आहे का, तिच्यापुढे किती लांबी मोकळी आहे, हे पट्टीने मोजून घ्यावे. कचेऱ्यांत आणि शाळांत पुष्कळदा सडपातळ पेट्या असतात. त्यांत पूर्ण उंचीचे कार्ड बसत नाही. 'लो प्रोफाइल' म्हणजे बुटके कार्ड मागावे लागते.

तिसरा प्रश्न विजेचा, आणि खरी मेख इथे आहे. आपल्या शेतकरी बंधूंना हे सांगायला नकोच. तीन अश्वशक्तीच्या जोडणीवर पाचाची मोटर लावली तर काय होते, ते त्यांनी पाहिले आहे. पेटीत वीज पुरवणारा जो डबा असतो त्याला एसएमपीएस म्हणतात. त्यावर मोठ्या अक्षरांत '450 वॅट' असे छापलेले असते. त्यावर विसंबू नका. खाली बारीक अक्षरांत कोष्टक असते, त्यातला 12 व्होल्टचा रकाना वाचा. तिथे 18 अँपिअर लिहिले असेल, तर 12 गुणिले 18, म्हणजे 216 वॅट झाले. कार्डाची आणि प्रोसेसरची मुख्य भूक याच 216 वॅटांतून भागायची आहे.

आता खर्चाची बाजू. प्रोसेसर समजा 65 वॅटचा आहे. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. जी कार्डे तेवढ्यावर भागवतात त्यांना वेगळी वायर लागत नाही. जीटी 1030 ला अवघे 30 वॅट पुरतात. म्हणजे 65 आणि 75 मिळून 140. पंखे आणि डिस्क धरूनही हिशेब बसतो. पण कार्डावर सहा पिनांचे तोंड असेल तर त्यातून आणखी 75 पर्यंत आणि आठ पिनांचे असेल तर 150 वॅटपर्यंत वीज ते ओढू शकते. 150 आणि 75 मिळून 225. एकटे कार्डच 216 च्या पुढे गेले! अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण इथे अक्षरशः खरी आहे. शिक्षक बंधुभगिनींनी हा गुणाकार फळ्यावर जरूर घालावा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे मग मुलांना पाठ करावे लागणार नाही.

हिशेब बसला, कार्ड आले. आता हाताचे काम. संगणक रीतसर बंद करा, भिंतीवरचे बटण बंद करा आणि प्लगही उपसून काढा. मग पेटीचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज ओसरते. एसएमपीएसचा डबा मात्र कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात जोराचा झटका देण्याइतकी वीज राहू शकते.

पेटीच्या मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा सरकतो. पेटी टेबलावर आडवी ठेवा. थंडीच्या कोरड्या दिवसांत टेरिलिनचा सदरा काढताना चटचट आवाज येतो ना, तीच स्थिर वीज कार्डाची वैरीण. आपल्याला चटका जाणवतो तेव्हा तिचा दाब काही हजार व्होल्ट असतो. नाजूक चिप बिघडायला त्याहून पुष्कळ कमी दाब पुरतो. म्हणून पेटीच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला अधूनमधून हात लावत जा आणि कार्ड कडेने धरा. त्याच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका.

स्लॉटसमोरची मागची पत्र्याची पट्टी काढा. स्लॉटच्या टोकाची खिट्टी उघडा. कार्ड सरळ धरून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. 'टक्' असा आवाज येऊन खिट्टी बसली की काम झाले. मग मागचा स्क्रू आवळा, आणि वायर लागत असेल तर ती पूर्ण आत जाईपर्यंत दाबा. हे बारीकसारीक वाटेल. पण 2022 साली आरटीएक्स 4090 हे 450 वॅटचे महागडे कार्ड निघाले तेव्हा काही ग्राहकांच्या वायरींची तोंडे वितळली. तोंड पूर्ण आत न बसणे हे त्याचे एक कारण निघाले, आणि पुढे त्या तोंडाची रचनाच बदलावी लागली.

पेटी लावून सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला, तर घाबरून जाऊ नका. पडद्याची केबल बहुधा जुन्याच ठिकाणी राहिलेली असते. ती कार्डाच्या मागे लावा. चित्र दिसल्यावर ड्रायव्हर घाला. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यामधला दुभाषा. तो कार्डाच्या चिपच्या मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. गावात इंटरनेट मंद असेल, तर दुसरीकडून पेनड्राइव्हवर आणावा.

शेवटी एक विनंती. पेटी हमीच्या मुदतीत असेल तर आधी विक्रेत्याला विचारा. आणि शाळेत हे काम कराल तेव्हा पत्रा बंद करण्याची घाई करू नका. मुलांना भोवती उभे करून आत पाहू द्या. सीपीयू नेमका कोणता, ते एकदा त्यांनाच शोधू द्या.