हलके ते का वाचते?

2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या आकाशातून जळते गोळे रांगेने जाताना हजारो लोकांनी पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी, सुमारे 3 मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. आसपासच्या गावांत पोकळ गोळेही सापडले. 2021 च्या फेब्रुवारीत उडालेल्या चिनी अग्निबाणाचा हा भाग असावा, असे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले.

वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांतून वावरणाऱ्या आम्हां मंडळींस प्रश्न पडला तो असा, की एवढा अग्निबाण जळाला आणि पोकळ गोळा शाबूत कसा?

कक्षेतल्या वस्तूचा वेग सेकंदाला जवळजवळ 8 किलोमीटर, म्हणजे वसई रोडहून विरार एका सेकंदात! किलोभर लोखंड वितळवायला जी ऊर्जा लागते, तिच्या वीसपटीहून अधिक ऊर्जा त्या वेगात किलोमागे साठलेली असते. पुढची हवा दाबली जाऊन भट्टीसारखी तापते. बरीचशी उष्णता हवाच वाहून नेते. उरलेली वस्तूला सोसावी लागते.

आता हा कागद पाहा. सपाट सोडला तर तरंगत येतो, चुरगळून सोडला तर सरळ पडतो, वजन तेच. पोकळ गोळा सपाट कागदासारखा. वजनाच्या मानाने अंग मोठे, म्हणून उंचावरच्या विरळ हवेतच त्याचा वेग मोडतो, आणि विरळ हवेची आच मंद. भरीव तुकडा मात्र त्याच वेगाने दाट हवेत घुसतो व तेथे भाजून निघतो. शिवाय ॲल्युमिनियम 660 अंशांवर वितळते, टायटॅनियम 1668 वर. आणि अशा टाक्या बहुधा टायटॅनियमच्या किंवा कार्बनचे तंतू गुंडाळलेल्या असतात.

जमिनीजवळ गोळ्याला आगगाडीइतकाच वेग उरतो. पण आगगाडीच्या वेगाने डोक्यावर येणारी टाकी हलकी कोण म्हणेल? इंधन राखून ठेवले तर असा टप्पा निर्जन समुद्रावर उतरवता येतो. ते पुष्कळदा राखले जात नाही, कारण त्याला खर्च येतो.

1972 च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये जमिनीवरील नुकसान प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राने भरावयाचे. चूक सिद्ध करावी लागत नाही. आमच्या 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातही हेच तत्त्व होते. 1978 साली सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस 954 कॅनडात कोसळला. कॅनडाने 60 लाख डॉलर मागितले. 1981 साली 30 लाखांवर तडजोड झाली. वाटाघाटीला बसलेल्यांस हा हिशेब ओळखीचा वाटेल.