रविवारी रात्रीचे जेवण



रविवारी रात्री बहुतेक मेस बंद असतात. खेड्यातून आलेला आपला मुलगा मग गाडीवरच्या वडापाव-चहावर भागवतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी 2016-17 साली स्वाधार योजना सुरू झाली. तीत मुंबई-पुण्यासाठी भोजनभत्ता वर्षाला 32,000 रुपये ठरला. मी बँकेतला कारकून, हिशेब करून पाहिला. दिवसाला 88 रुपयेही पडत नाहीत. हप्ता लांबला, की पहिली काटछाट पोटाचीच होते.

विद्यार्थ्यांनो, उकडलेली अंडी, केळी, गूळ-शेंगदाणे खा. वडापावाने भूक मरते, अंगी लागत नाही. सभासदहो, नोकरदार घराने दर रविवारी एका विद्यार्थ्याला आपल्या पंगतीला बसवावे. आपल्या शिक्षणामागेही कुणाची तरी भाकरी होती. ते ऋण असे फेडू या.

जय भीम!